रुप्यावरचा ड्रॅगन

ड्रॅगनची मुद्रा असलेली चांदीची नाणी चीनमध्ये यंत्रावर मोठ्या प्रमाणात निघू लागली ती १८९० साली, दक्षिणेकडील ग्वांगझौ म्हणजे त्या काळच्या कँटन शहराच्या टांकसाळीत. पुढे जेमतेम दोन दशकांत डझनाहून अधिक टांकसाळींनी आपापले ड्रॅगन पाडले. १९१२ साली चिंग घराण्याचे राज्य संपले आणि नाण्यांवरचा ड्रॅगनही उतरला. व्यवहारातील चलन म्हणून या नाण्यांचे आयुष्य तोकडे ठरले, पण नाणेसंग्राहकांच्या जगात त्यांचा मान आजही मोठा आहे. नव्या काळातील टांकसाळी चांदीवर जे ड्रॅगन उठवतात, त्यांची वंशावळही या जुन्या नाण्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

पावसाचा धनी

चिनी भाषेत ड्रॅगनला ‘लोंग’ म्हणतात. युरोपीय कथांमधला ड्रॅगन आग ओकतो, खजिन्यावर बसून राहतो आणि शेवटी एखाद्या वीराच्या हातून मरतो. लोंगचे तसे नाही. तो पाण्याचा देव आहे. नद्या, सरोवरे, समुद्र आणि ढग ही त्याची वस्ती. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने तयार केलेल्या ‘श्वोवन च्येत्सी’ या शब्दकोशात लोंगची नोंद आहे. वसंतसंपाताला तो आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो, असे ती सांगते. पावसाळ्यावर जगणाऱ्या शेतकरी समाजाने ऋतुचक्रालाच असा देह दिला होता.

हा देह नऊ प्राण्यांच्या अवयवांनी घडला आहे, असे परंपरा मानते. शिंगे हरणाची, डोके उंटाचे, मान सापाची, पोट शिंपल्याचे, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे आणि कान बैलाचे. डोळ्यांविषयी मात्र एकवाक्यता नाही. कोणी ते पिशाच्चाचे मानतात, कोणी सशाचे. खवल्यांची संख्याही ठरलेली, ११७. त्यांतील ८१ यांग म्हणजे तेजस्वी आणि ३६ यिन म्हणजे शीतल. बौद्ध ग्रंथ भारतातून चीनमध्ये गेले तेव्हा अनुवादकांनी ‘नाग’ या शब्दासाठी ‘लोंग’ हाच शब्द घेतला. पाण्याचे रक्षण करणारे भारतीय नागराज आणि चार समुद्रांचे चिनी ड्रॅगनराजे यांची त्यातून सरमिसळ झाली.

हा आकाशचारी प्राणी पुढे सम्राटाचे चिन्ह बनला. सम्राटाचे आसन ते ड्रॅगनचे आसन आणि त्याचा झगा तो ड्रॅगनचा झगा. पाच नखांचा ड्रॅगन राजघराण्यासाठी राखून ठेवण्याचे दंडक निरनिराळ्या राजवटींनी घातले. १८८९ साली चिंग साम्राज्याने आयताकृती राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर निळा ड्रॅगन आणि त्याच्या तोंडासमोर लाल मोती होता. पुढच्याच वर्षी कँटनच्या टांकसाळीतून चांदीचे ड्रॅगन बाहेर पडू लागले. ज्वाळांनी वेढलेला मोती नाण्यांवरही दिसतो. कुठे ड्रॅगन त्याच्यावर झेप घेतो, तर कुठे तो बरोबर मध्यभागी येतो आणि ड्रॅगनची वेटोळी त्याच्याभोवती फिरतात.

परक्या डॉलरांचा बाजार

इतक्या जुन्या संस्कृतीला चांदीचे नाणे पाडायला १८९० साल का उजाडावे लागले, याचे उत्तर चीनच्या पैशाच्या रीतीत आहे. रोजच्या व्यवहारात चौकोनी भोकाचे, ओतीव तांब्या-पितळेचे नाणे चाले. मोठ्या व्यवहाराला चांदी लागे, पण ती नाण्याच्या रूपात नसे. बोटीच्या किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लगडी वजनावर घेतल्या-दिल्या जात. वजनाचे माप ल्यांग. त्याचे दहा छ्येन आणि शंभर फन होत. युरोपीय व्यापाऱ्यांनी या मापांना टेल, मेस आणि कॅन्डरीन ही नावे दिली. ही नावे मलायमधून आली. त्यांतील ‘मेस’चे मूळ संस्कृत ‘माष’ या शब्दात सापडते, असे भाषाभ्यासक मानतात. तोळा-मासा-गुंजेतला आपला मासाही त्याच ‘माष’चा.

लगडींबरोबर परदेशी नाणीही आली. १५६५ ते १८१५ या काळात मेक्सिकोतील अकापुल्को बंदर आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते ये-जा करत. अमेरिकेतील खाणींची चांदी त्या वाटेने चीनला पोहोचे आणि तिच्या बदल्यात रेशीम व चिनी मातीची भांडी जात. आधी स्पॅनिश राजाच्या मुखवट्याचा डॉलर लोकप्रिय झाला, नंतर स्वतंत्र मेक्सिकोचा गरुडछाप डॉलर. दुसऱ्याचे वजन सुमारे २७.०७ ग्रॅम आणि कस हजारात ९०३ च्या आसपास होता. चिनी लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘यिंगयांग’, म्हणजे गरुडाचे परदेशी नाणे. वजन आणि कस भरवशाचे असल्याने ते मोजून घेता येई, दर वेळी तराजू काढावा लागत नसे.

तरीही दुकानदार डोळे मिटून विश्वास ठेवत नसत. नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा आणि चांदी खरी वाटली तर आपल्या खुणेचा छोटा ठसा त्यावर मारायचा, अशी पद्धत पडली. अशा ठशांना चॉप म्हणतात. हातोहात फिरलेल्या काही डॉलरांवर इतके ठसे पडले की मूळ चित्र ओळखू येईना. नाणी पारखणाऱ्याला हाँगकाँग व कँटनच्या इंग्रजी बोलीत ‘श्रॉफ’ म्हणत. तो आपला ‘सराफ’च. अरबीतून हिंदुस्थानात रुळलेला हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर चिनी किनाऱ्यावर गेला.

परदेशी चांदीला देशी उत्तर देण्याचे प्रयत्न शेजारी देशांत आधी झाले होते. व्हिएतनामचा सम्राट मिन्ह मांग याने १८३० च्या दशकात उडत्या ड्रॅगनचे चांदीचे नाणे काढले. ब्रिटिशांनी हाँगकाँगमध्ये १८६६ साली टांकसाळ उघडली, पण ती तोट्यात जाऊन १८६८ मध्ये बंद पडली. तिची यंत्रे जपानने घेतली आणि तिचे प्रमुख टॉमस किंडर ओसाका टांकसाळीचे प्रमुख झाले. १८७० हे साल असलेल्या जपानी येनवर कानो नात्सुओ या नामवंत धातुकाराने कोरलेला ड्रॅगन आहे. २६.९६ ग्रॅमचा हा येन चीनच्या बंदरांतही चालू लागला. म्हणजे यंत्रावर पाडलेला ड्रॅगन चिनी बाजारात प्रथम दिसला तो परदेशी नाण्यावर.

कँटनची टांकसाळ

ग्वांगदोंग आणि ग्वांगशी या प्रांतांचा सुभेदार झांग झीदोंग हा सुधारणावादी अधिकारी होता. देशाची चांदी परक्या ठशाखाली फिरते, ही गोष्ट त्याला खटकत होती. १८८७ साली त्याने आधुनिक टांकसाळीचा प्रस्ताव दरबारात मांडला. यंत्रांची मागणी बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन अँड सन्स या कंपनीकडे नोंदवली गेली. नव्वद छापयंत्रांची ही टांकसाळ त्या काळी जगातील सर्वांत मोठी टांकसाळ ठरली. मूळ ठसे लंडनच्या प्रसिद्ध कोरीवकार घराण्यातील ॲलन वायन यांनी कोरले आणि देखरेखीसाठी एडवर्ड वायन कँटनला आले. १८८९ मध्ये पितळी नाणी आणि पुढच्या वर्षी चांदीची नाणी बाहेर पडू लागली.

पहिल्या डॉलराचे वजन मुद्दाम ७ मेस ३ कॅन्डरीन ठेवले होते. मेक्सिकन डॉलर ७ मेस २ कॅन्डरीनच्या जवळपास होता. आपले नाणे थोडे जड असले की लोक ते आवडीने घेतील, हा झांगचा हिशोब. बाजाराचा हिशोब मात्र उलटा असतो. सारख्याच किमतीला जड आणि हलके नाणे चालू असेल, तर जड नाणे घरात राहते किंवा मुशीत जाते आणि हलके तेवढे फिरत राहते. वजन लवकरच ७ मेस २ कॅन्डरीनवर, म्हणजे सुमारे २६.९ ग्रॅमवर आणले गेले. इंग्रजी मजकूर आधी चिनी अक्षरांभोवती होता, तोही उचलून ड्रॅगनच्या बाजूला नेला. पहिल्या, जड नमुन्याची नाणी थोडीच निघाली आणि ती आज संग्राहकांच्या दृष्टीने फार मोलाची आहेत.

पुढच्या बहुतेक प्रांतांनी हाच आराखडा उचलला. दर्शनी बाजूला ‘ग्वांगशू युआनबाओ’, म्हणजे ग्वांगशू राजवटीचे मौल्यवान नाणे, ही चार मोठी अक्षरे. वरच्या कडेला प्रांताचे नाव. खाली कूपिंग, म्हणजे सरकारी खजिन्याच्या मापाने, वजन. मध्यभागी राजघराण्याच्या मांचू लिपीतील अक्षरे. मागच्या बाजूला ढगांतून वळसे घेत समोर पाहणारा ड्रॅगन आणि त्याच्याभोवती इंग्रजीत प्रांत व वजन. सम्राटाचा चेहरा नाण्यावर घेण्याची रीत चीनमध्ये नव्हती. त्याची जागा ड्रॅगनने घेतली. डॉलराखाली अर्धा डॉलर आणि २०, १० व ५ सेंट अशी छोटी नाणीही होती. त्यांवरही वजनच लिहिलेले असे. अर्ध्या डॉलरवर ३ मेस ६ कॅन्डरीन आणि २० सेंटवर १ मेस ४.४ कॅन्डरीन.

लोकांनी या नाण्याला ‘लोंगयांग’ हे नाव दिले. येथे यांग म्हणजे समुद्रापलीकडचे, परदेशी. ड्रॅगन चिनी आणि चांदीवरचे नाव सम्राटाचे, पण गोल रुप्याच्या नाण्यासाठी लोकांच्या तोंडी ‘यांग’ इतके बसले होते की देशी नाणेही परदेशीच म्हणवले गेले.

प्रांतोप्रांतीचे ड्रॅगन

झांग झीदोंगची १८८९ मध्ये हुबेई-हुनानला बदली झाली आणि वूचांग येथे त्याने दुसरी टांकसाळ उभारली. मग रांगच लागली. नानजिंगची ज्यांगनान टांकसाळ, तियानजिनच्या शस्त्रकारखान्यातील बेइयांग टांकसाळ, आनह्वेई, फूज्यान, चज्यांग, हुनान, सिच्वान, ईशान्येकडील जीलिन व फंगथ्येन, नैर्ऋत्येला युन्नान आणि पश्चिम टोकाला शिनज्यांग. टांकसाळ प्रांताला उत्पन्नही देत असे. छोट्या नाण्यांत चांदीचा कस ८०० च्या आसपास ठेवला की दर्शनी किंमत आणि धातूची किंमत यांतला फरक तिजोरीत पडे. ग्वांगदोंगने २० सेंटची नाणी एवढी पाडली की दक्षिण चीनच्या रोजच्या व्यवहारात तेच मुख्य नाणे झाले.

प्रत्येक टांकसाळीचा ड्रॅगन निराळा. ग्वांगदोंगचा रेखीव, कारण तो लंडनच्या हाताचा. सिच्वानचा अरुंद डोक्याचा आणि रुंद डोक्याचा, असे दोन प्रकार संग्राहक मानतात. जीलिनमध्ये ठसे स्थानिक कारागीर कोरत. इंग्रजी अक्षर न वाचता फक्त त्याचा आकार उतरवत असल्याने त्यांच्या नाण्यांवर ‘कॅन्डरीन’ हा शब्द चुकीच्या अक्षरांनी अवतरतो. जीलिनच्या नाण्यांवर मध्यभागी फुलांची परडी असते, ती या टांकसाळीची ओळख. फंगथ्येनचे इंग्रजी नावही एका नमुन्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच आहे. शिनज्यांगचे नाणे सैन्याच्या पगाराच्या चांदीचे, टेलाच्या मापाचे. काही प्रकारांवर चिनीबरोबर अरबी लिपीतील तुर्की मजकूर आहे.

साल लिहिण्याच्या पद्धतीही वेगळ्या. बेइयांगच्या नाण्यांवर राजवटीचे वर्ष इंग्रजीत आहे. ग्वांगशू राजवटीचे ३४ वे वर्ष म्हणजे १९०८, आणि या वर्षाचे बेइयांग डॉलर ड्रॅगन नाण्यांत सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत. ज्यांगनानने साठ वर्षांच्या चक्रातील वर्षनाम घातले. आपल्या पंचांगातील प्रभव-विभवादी साठ संवत्सरांसारखीच ही गणना आहे, फक्त तेथे दहा आणि बारा चिन्हांच्या दोन मालिका जोडून नाव तयार होते. वूश्यू म्हणजे १८९८, गंगत्सी म्हणजे १९००, रन्यिन म्हणजे १९०२. वर्षनाम वाचता आले की ज्यांगनानच्या नाण्यांची वर्षवार मालिका लावता येते.

युन्नानच्या एका नाण्याने याच्याही पुढे मजल मारली. त्यावर ‘गंगश्यू वर्षाच्या वसंतात युन्नानमध्ये घडवले’ असा मजकूर आहे. ते वर्ष १९१०. वर्षाबरोबर ऋतूचेही नाव असलेल्या या ‘वसंत डॉलर’चे अगदी मोजके नमुने ज्ञात आहेत. चिनी नाण्यांतील सर्वांत दुर्मीळ आणि महाग नाण्यांत त्याची गणना होते.

या वैविध्याचा त्रास व्यापाऱ्याला झाला. एका प्रांताचे नाणे दुसऱ्या प्रांतात बट्ट्याशिवाय चालेना. वजनात आणि कसात थोडाथोडा फरक असल्याने सराफाचे काम कमी होण्याऐवजी वाढले. परक्या गरुडाला हटवण्यासाठी आणलेला ड्रॅगन आपसांतच विभागला गेला होता.

परकी स्पर्धाही संपली नव्हती. १८९५ पासून ब्रिटिशांनी हाँगकाँग आणि मलायाच्या वसाहतींसाठी खास व्यापारी डॉलर काढला. त्यातील सर्वाधिक नाणी मुंबईच्या टांकसाळीत पडली. त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया एका बाजूला आणि दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह, चिनी व मलाय अक्षरे दुसऱ्या बाजूला, असे त्याचे रूप. मुंबईच्या नाण्यांवर त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी ‘बी’ हे बारीक अक्षर असते. चिनी लोकांनी या नाण्याला ‘उभा माणूस’ असे नाव दिले आणि ते ड्रॅगनच्या शेजारी बिनदिक्कत फिरले. पश्चिम सीमेवरही असेच चित्र होते. तिबेट आणि पश्चिम सिच्वानमध्ये हिंदुस्थानचा रुपया पसरला, तेव्हा त्याला शह म्हणून सिच्वानने ग्वांगशू सम्राटाचा मुखवटा असलेला रुपया पाडला. चिनी नाण्यावर सम्राटाचा चेहरा आला तो व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाची नक्कल करताना.

एकाच ड्रॅगनचा शोध

प्रांतांची ही गर्दी आवरून देशाला एक नाणे द्यायचे, तर त्याचे वजन किती असावे यावर दरबारात वर्षानुवर्षे वाद चालला. एक बाजू म्हणे, चिनी माप टेल आहे, तर नाणेही पूर्ण एका टेलाचे हवे. झांग झीदोंगने १९०४ मध्ये हुबेईत दोन ड्रॅगन असलेले एक टेलाचे नाणे काढूनही पाहिले. दुसरी बाजू व्यवहाराकडे बोट दाखवे. बाजार तीन शतके डॉलराला सरावलेला होता, त्याला ७ मेस २ कॅन्डरीनच हातात बसते. दरम्यान तियानजिनची जुनी टांकसाळ १९०० सालच्या बॉक्सर युद्धात परकीय फौजांनी उद्ध्वस्त केली होती. तेथे १९०५ साली मध्यवर्ती टांकसाळ सुरू झाली. १९१० च्या चलन कायद्याने वाद मिटवला. ९०० कसाचा, ७ मेस २ कॅन्डरीनचा युआन हे राष्ट्रीय नाणे ठरले.

त्यासाठी नवा ड्रॅगन हवा होता. इटालियन कोरीवकार लुइजी जॉर्जी तियानजिनला आले. या काळात अनेक नमुने तयार झाले आणि संग्राहकांनी त्यांना ड्रॅगनच्या ठेवणीवरून नावे दिली. लांब मिशांचा, आखूड मिशांचा, मोठ्या शेपटीचा, उलट्या दिशेचा. शेवटी निवडलेल्या नाण्यावर ‘दाचिंग यिनबी’, म्हणजे महान चिंगचे रौप्यनाणे, असे शब्द आणि ‘श्वानतोंग राजवटीचे तिसरे वर्ष’ असे साल आहे. ते साल १९११. मागच्या बाजूला ड्रॅगनच्या वेटोळ्यात ‘एक डॉलर’ ही किंमत आहे. इंग्रजी प्रांतनाम आणि कॅन्डरीनचा हिशोब या नाण्यावर नाही.

देशाचे एकमेव नाणे व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. १० ऑक्टोबर १९११ रोजी वूचांगमध्ये सैन्याने उठाव केला आणि नव्या नाण्यांचा साठा सरकारी फौजेच्या पगारात गेला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी बाल सम्राट पूयीच्या नावाने पदत्यागाचे फर्मान निघाले. नमुन्यांपैकी जे कधी चलनात आलेच नाहीत, विशेषतः लांब मिशांचा ड्रॅगन, ते आज लिलावांत पहिल्या रांगेत असतात. चलनात आलेले नाणे मात्र मध्यम ऐपतीच्या संग्राहकालाही मिळू शकते.

ड्रॅगन उतरतो, पण जात नाही

प्रजासत्ताकाला सम्राटाचे चिन्ह नको होते. १९१४ साली अध्यक्ष युआन शिकाई यांच्या मुखवट्याचा डॉलर आला आणि ‘युआनचे मोठे डोके’ या नावाने देशभर चालला. ड्रॅगनच्या नाण्यांना जे साधले नव्हते ते या नाण्याने बरेचसे साधले. युआन शिकाईंना पुढे सम्राट व्हायचे होते आणि त्यांच्या अल्पजीवी होंगश्येन राजवटीसाठी १९१६ साली त्यांचे तुरेदार टोपीतले चित्र व मागे उडता ड्रॅगन असलेले नाणे तयार झाले. मुकुट डोक्यावर येण्याआधीच बेत फसला. ते नाणे आता त्या फसलेल्या बेताची आठवण म्हणून जमवले जाते.

तियानजिनमध्ये १९२३ साली आणखी एक वेगळा डॉलर पडला. त्याला ‘ड्रॅगन-फिनिक्स डॉलर’ म्हणतात. त्यावर राजवस्त्रांवरील बारा प्राचीन चिन्हांतून बनवलेले प्रजासत्ताकाचे राष्ट्रचिन्ह आहे. हे चिन्ह १९१२ साली तयार करणाऱ्या तिघांत पुढे थोर लेखक म्हणून गाजलेले लू शुन होते. ड्रॅगनसमोरचा पक्षी खरे तर प्राचीन चिन्हांतला रंगीत तितर आहे, फिनिक्स हे नाव लोकांनी दिले. हे नाणे थोडेच निघाले आणि नित्याच्या चलनात उतरले नाही.

जुन्या ड्रॅगन नाण्यांची मोठी संख्या १९३० च्या दशकात नाहीशी झाली. १९३३ मध्ये टेलाचे माप रद्द झाले. १९३४ मध्ये अमेरिकेने चांदी खरेदीचा कायदा केला, चांदीचे भाव चढले आणि चीनची चांदी जहाजे भरभरून बाहेर गेली. नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचे चलन सोडून कागदी नोट स्वीकारली. नाणी वितळली, लगडी झाल्या. एखाद्या टांकसाळीतून किती नाणी निघाली यापेक्षा त्यांतली किती मुशीतून वाचली, हा आकडा म्हणूनच संग्राहकाला महत्त्वाचा वाटतो. उरलेल्यांची शिस्तशीर यादी एडुआर्ड कान यांच्या १९५४ च्या सचित्र सूचीने केली. तिचे क्रमांक लिलावांत आजही दिले जातात.

नव्या टांकसाळींचे ड्रॅगन

नव्या चीनने ड्रॅगनला राशीच्या वाटेने परत आणले. बारा वर्षांच्या चिनी चक्रात प्रत्येक वर्षाचा एक प्राणी असतो आणि त्यांत काल्पनिक प्राणी एकटा ड्रॅगनच. १९८१ सालच्या कोंबड्याच्या वर्षापासून चीनने दरवर्षी त्या त्या प्राण्याची सोन्या-चांदीची स्मारक नाणी काढली. १९८८ चे पहिले ड्रॅगन वर्ष त्या मालिकेत आले तेव्हा ५ आणि १२ औंसांची मोठी चांदीची नाणीही निघाली. पुढची ड्रॅगन वर्षे २०००, २०१२ आणि २०२४. ती पुन्हा येतील २०३६ मध्ये. २०१८ पासून चिनी टांकसाळी जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रतिकृतीही शुद्ध चांदीत काढू लागल्या. ड्रॅगन-फिनिक्स डॉलर आणि लांब मिशांचा डॉलर त्यांत आहेत. त्यांवर दर्शनी किंमत नसते, त्यामुळे ती कायदेशीर अर्थाने नाणी नसून पदके ठरतात.

चीनबाहेर या क्षेत्रात ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टांकसाळीचे नाव आघाडीवर आहे. तिच्या चांद्र मालिकांतील २००० आणि २०१२ चे ड्रॅगन विशेष मागणीचे आहेत. २०१२ च्या एक औंसाच्या साध्या नाण्याची मर्यादा ३ लाख होती. २०१८ पासून याच टांकसाळीने मोत्याचा पाठलाग करणाऱ्या ड्रॅगनचे आयताकृती नाणे सुरू केले. ब्रिटनच्या रॉयल मिंटनेही २०१४ पासून चिनी राशींची मालिका चालवली आहे. काही टांकसाळी तुवालू किंवा निउएसारख्या छोट्या बेटराष्ट्रांच्या नावाने रंगीत, उंच उठावाची नाणी काढतात. अशा नव्या नाण्यांच्या मोलात तीन भाग असतात: औंसभर म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीची किंमत, किती नग निघाले याचे मोल आणि हौसेचा भाव. तिसरा भाग सर्वांत चंचल. ड्रॅगनचे वर्ष सरले की तो उतरू शकतो.

पारख

ज्या नाण्याला मागणी असते त्याची खोटी नक्कल होते. ड्रॅगन डॉलर याला अपवाद नाही, उलट नकली चिनी डॉलर पर्यटनस्थळांवर ढिगाने विकले जातात. पहिली कसोटी तराजूची. खरा डॉलर सामान्यतः २६.५ ते २७ ग्रॅम भरतो आणि त्याचा व्यास ३९ मिलिमीटरच्या जवळपास असतो. नकली नाणे बहुधा दोन-चार ग्रॅम हलके निघते. दुसरी कसोटी पाण्याची. ९०० कसाच्या चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.३ च्या आसपास असते. पितळ किंवा निकेलचे मिश्रण तेथे पकडले जाते. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण न चिकटणे हा पुरावा मात्र नाही, कारण पितळही चिकटत नाही.

पुढची पारख भिंगाची. खरे नाणे दाबाने छापलेले असल्याने खवल्यांच्या कडा धारदार आणि अक्षरांचे पाय स्वच्छ असतात. ओतीव नकलेत ते साबण वितळल्यासारखे गुळगुळीत दिसतात आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे असतात. कडेवरचे दाते समान अंतरावर आहेत का आणि मधून सांधा गेला आहे का, हेही पाहावे लागते. मूळ ठशाशी तुलना करून मांचू अक्षरे, मोत्याच्या ज्वाळा आणि मिशांचे वळण जुळवले जाते. जीलिनच्या नाण्यावरचे चुकीचे इंग्रजी हा अस्सलपणाचा दाखला ठरू शकतो, पण तीच चूक बेइयांगच्या नाण्यावर दिसली तर संशय घ्यावा.

महाग नाणी हल्ली पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्थांकडून तपासून घेतली जातात. त्या १९८६ आणि १९८७ साली सुरू झाल्या. त्या नाण्याला ७० पर्यंतच्या मापावर दर्जा देतात आणि ते बंद प्लास्टिक पेटीत ठेवतात. या पेट्यांच्याही नकला होत असल्याने क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. सराफाच्या जुन्या ठशांमुळे नाण्याचा दर्जा कमी धरला जात असे. आता चॉप पडलेली नाणी स्वतंत्रपणे जमवणारे संग्राहक आहेत.

सर्वांत मोठे नुकसान घरातच होते. काळवंडलेले नाणे राखेने, चिंचेने किंवा चांदीच्या पावडरने घासले की ते चकाकते आणि त्याच क्षणी त्याचे मोल उतरते. शतकभराच्या हवेने चढलेली करडी-निळी झाक संग्राहक मोलाची मानतात, आणि घासण्याने पडलेले सूक्ष्म ओरखडे पुन्हा जात नाहीत. नाणे कडेने धरावे, पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये आणि दमट हवेपासून जपावे. जुना ड्रॅगन डॉलर हाती आला, तर त्याला न पुसता आधी तराजूवर ठेवावे.